गार कोळंबीचे आतिथ्य

पाहुणे येणार म्हटले की आपल्या घरांत पहिला विचार तळणीचा होतो. मत्स्याहारी घर असेल तर रव्यात घोळवून तळलेली कोळंबी ठरलेलीच. ती रुचकर असते यात शंका नाही. परंतु तिच्याबरोबर बरेचसे तेलही पोटात जाते आणि ती तळणारी व्यक्ती, गप्पा ऐन रंगात आल्या असता, कढईपुढे अडकून पडते. यावर एक सोपा पर्याय आहे: उकडून थंडगार केलेली कोळंबी आणि तिच्यासोबत घरी केलेला झणझणीत सॉस. पाश्चात्त्य देशांत हा पदार्थ जेवणाच्या आरंभी देण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेत त्यासाठी टोमॅटोच्या सॉसमध्ये हॉर्सरॅडिश नावाचे तिखट मूळ किसून घालतात, तर ब्रिटनमध्ये मेयोनीज व टोमॅटो यांचा गुलाबी सॉस लोकप्रिय आहे. आपल्या स्वयंपाकघरात या दोहोंची गरज नाही, हे पुढे पाहूच.

मात्र एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. गरम पदार्थाला पानात येण्यापूर्वी शेवटचा चटका मिळतो आणि वाटेत शिरलेले बरेचसे जंतू त्यात नष्ट होतात. गार पदार्थाला ही संधी नसते. उकडल्यानंतर जो हात लागेल, जी सुरी लागेल, जो बर्फ लागेल, त्याची स्वच्छता किंवा अस्वच्छता थेट पाहुण्याच्या तोंडी जाते. म्हणून या पदार्थाचे खरे कौशल्य मसाल्यापेक्षा स्वच्छतेत आणि घड्याळात आहे.

आधी विचारा, मग आणा

कोळंबीची ॲलर्जी ही किरकोळ बाब नव्हे. कोळंबीतील ट्रोपोमायोसिन हे प्रथिन तिला प्रामुख्याने कारणीभूत असते. ते उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे ‘नीट शिजवली आहे, काही होणार नाही’ हा दिलासा येथे निरुपयोगी ठरतो. अंगावर गांधी उठणे, ओठ व घसा सुजणे, श्वास अडखळणे अशी लक्षणे काही मिनिटांतही दिसू शकतात आणि अशा वेळी विलंब न लावता रुग्णालय गाठावे लागते. खेकडा किंवा शेवंड बाधणाऱ्या व्यक्तीला कोळंबीही बाधण्याचा मोठा संभव असतो. तेव्हा निमंत्रण देतानाच पाहुण्यांना स्पष्ट विचारावे. असा कोणी पाहुणा असेल तर त्या दिवशी कोळंबीचा बेतच रद्द करणे उत्तम, कारण एकच सुरी, एकच चमचा किंवा शिजताना उठणारी वाफही एखाद्याला त्रास देऊ शकते. संधिवाताचा ‘गाऊट’ हा प्रकार असणाऱ्यांनी बेताने खावी. गर्भवती, वयोवृद्ध आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या पाहुण्यांना गार कोळंबीऐवजी ताजी शिजवलेली गरम कोळंबी द्यावी.

एरवी हा आहार गुणकारी आहे. शिजवलेल्या १०० ग्रॅम कोळंबीत २० ते २४ ग्रॅम प्रथिने असतात आणि उष्मांक जेमतेम १०० च्या आसपास. तिच्यात कोलेस्टेरॉल अधिक असते हे खरे, परंतु संपृक्त मेद अत्यल्प असतो. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवण्यात संपृक्त मेदाचा वाटा मोठा मानला जातो. ज्यांना वैद्यांनी पथ्य सांगितले आहे, त्यांनी अर्थात ते पाळावे.

निवड आणि सफाई

सहा जणांसाठी मध्यम ते मोठ्या आकाराची, डोक्यासह ७५० ग्रॅम कोळंबी पुरेशी होते. साफ केल्यावर ती निम्म्याच्या आसपास उरते. ताजी कोळंबी घट्ट असते, तिचे डोके धडाला पक्के जोडलेले असते आणि तिला समुद्राचा सौम्य वास येतो. अमोनियासारखा उग्र दर्प आला तर स्वस्ताईच्या मोहात पडू नये. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत गोठवलेली कोळंबी घेतल्यास ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वितळवावी, ओट्यावर नव्हे.

डोके व कवच काढावे, शेपटी राहू द्यावी; तीच पुढे बोटात धरायची मूठ होते. पाठीवर उथळ चीर देऊन काळा धागा काढून टाकावा. हे आटोपल्यावर पाट, सुरी, ओटा आणि हात साबणाने स्वच्छ धुवावेत. समुद्राच्या पाण्यात निसर्गतःच असणारे व्हिब्रिओ जातीचे जंतू कच्च्या कोळंबीवर असू शकतात. उकळीत ते मरतात. पण न धुतलेल्या पाटावरून ते शिजलेल्या कोळंबीवर पुन्हा चढतात.

तीन मिनिटांचे काम

दोन लिटर पाण्यात दोन चमचे मीठ, आठ-दहा मिरे, लिंबाची साल आणि कोथिंबिरीचे देठ घालून खळखळून उकळी आणावी. कोळंबी टाकून मंद आचेवर दोन ते तीन मिनिटे शिजवावी. करडेपणा जाऊन केशरी रंग चढला, आतला भाग पारदर्शक न राहता दुधाळ झाला आणि अंग अर्धचंद्रासारखे वळले की ती तयार झाली. शेपूट डोक्याला टेकेल इतकी आवळली तर ती जास्त शिजून चिवट झाली असे समजावे. स्वयंपाकाचा तापमापक असल्यास आतील तापमान ६३ अंश सेल्सियस भरले पाहिजे.

लगेच ती बर्फाच्या पाण्यात टाकावी, म्हणजे आतले शिजणे थांबते. पाच मिनिटांहून जास्त ठेवू नये, अन्यथा चव पाण्यात उतरते. हा बर्फ पिण्याच्या पाण्याचा, घरीच केलेला असावा. मासळीसोबत बाजारातून आलेला बर्फ येथे मुळीच वापरू नये. अखाद्य बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला तो याच भेदासाठी. नंतर कोळंबी निथळून, स्वच्छ कोरड्या फडक्याने टिपून, झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवावी. कच्चे मांस-मासे नेहमी तिच्या खाली. फ्रिजचे तापमान ५ अंशांच्या आत असावे.

फेसलेल्या मोहरीचा सॉस

हॉर्सरॅडिशचा नाकात चढणारा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे येतो, तेच द्रव्य आपल्या काळ्या मोहरीतही तयार होते. लोणच्यासाठी मोहरी फेसणाऱ्या आपल्या आज्यांना त्याचे रासायनिक नाव ठाऊक नव्हते, पण ते कसे जागवायचे हे पुरते ठाऊक होते. मोहरी दळून गार पाण्यात फेसली की तिच्यातील विकर काम करू लागते आणि झणका उठतो. गरम पाणी वापरल्यास ते विकर निकामी होते. लिंबू आधीच पिळल्यास त्याचा वेग मंदावतो. म्हणून क्रम महत्त्वाचा.

चार मध्यम टोमॅटो उकडून, साले काढून वाटून घ्यावेत. त्यात लसणाच्या दोन ठेचलेल्या पाकळ्या, अर्धा चमचा काश्मिरी मिरची पूड, चवीपुरते मीठ आणि चमचाभर गूळ घालून निम्मे होईपर्यंत आटवावे व पूर्ण गार करावे. दोन चमचे मोहरीची पूड तीन-चार चमचे गार पाण्यात चांगली फेसून दहा मिनिटे झाकून ठेवावी. मग ती टोमॅटोत मिसळावी आणि सर्वांत शेवटी एका लिंबाचा रस घालावा. बाजारातील केचपच्या एका मोठ्या चमच्यात साधारण चहाचा चमचाभर साखर असते. येथे संपूर्ण वाटीला तेवढाच गूळ लागतो. लहान मुलांसाठी मोहरीविना थोडा सॉस आधीच बाजूला काढावा. पांढरा सॉस हवा असल्यास चक्का, ठेचलेला लसूण व मिरपूड एकत्र करावी. कच्च्या अंड्याचे घरगुती मेयोनीज मात्र टाळावे.

वाढताना घड्याळ पाहा

रात्री आठला पाहुणे येणार असतील तर सॉस दुपारीच करून ठेवावा आणि कोळंबी पाचच्या सुमारास उकडावी, म्हणजे तिला गार होण्यास पुरेसा अवधी मिळतो. पसरट परातीत बर्फ घालून त्यावर वाढण्याची थाळी ठेवावी. सगळी कोळंबी एकदम न मांडता निम्मी मांडावी, उरलेली फ्रिजमध्येच राहू द्यावी. प्रत्येकाला सॉसची स्वतंत्र लहान वाटी द्यावी. उष्टी कोळंबी सामाईक वाटीत बुडण्याचा प्रश्नच मग उरत नाही.

बाहेर मांडलेली कोळंबी दोन तासांच्या आत संपली पाहिजे. वैशाखातल्यासारखा उकाडा असेल, पारा ३२ अंशांवर असेल, तर एकाच तासात. हाताच्या त्वचेवरून अन्नात येणारे स्टॅफिलोकोकस जंतू उबेत वाढतात आणि विष निर्माण करतात. ते विष पुन्हा उकळूनही नाहीसे होत नाही. म्हणूनच थाळीत उरलेली कोळंबी ‘उद्या रश्शात टाकू’ म्हणून ठेवू नये. अन्न टाकताना जीव हळहळतो, हे खरे. त्याचा उपाय पहिल्यांदाच बेताने मांडण्यात आहे. फ्रिजमधून बाहेरच न आलेली कोळंबी मात्र दुसऱ्या दिवशी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात चांगली उकळून खुशाल खावी.