जुन्या गाडीला अलार्म बसवताना

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. त्याच वर्षी मे महिन्यात ॲम्बेसेडर बंद झाली आणि २०१९ मध्ये ओम्नीनेही निरोप घेतला. कारखान्यातून या गाड्या येणे थांबले, तरी रस्त्यावर त्या अजून आहेत. बेकरीचा पाव, शिवलेले कपडे, किराणा, लग्नाच्या देगा अशी कितीतरी ने-आण आजही त्यांतून होते. आपल्या समाजातील लहान व्यावसायिकाला अशी गाडी म्हणजे चैन नव्हे, ती दुकानाचाच एक भाग असते. म्हणून तिच्या सुरक्षेचा विषय आम्ही आज या पानावर घेत आहोत.

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार थर्ड पार्टी विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. गाडी जुनी झाली की पुष्कळ मालक तेवढाच विमा ठेवतात. काहींना खर्च परवडत नाही, तर काहींना विम्याच्या व्यवहाराबद्दल शरीअतच्या दृष्टीने संकोच वाटतो. कारण कोणतेही असो, या विम्यात गाडी चोरीला गेल्यास मालकाला एक पैसाही मिळत नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी बांधायला सांगितले, हा तिर्मिजीतील प्रसंग वाचकांना ठाऊक आहेच. जुनी गाडी बांधायची कशाने, एवढाच प्रश्न उरतो.

आवाज वेगळा, अडथळा वेगळा

बाजारात ‘अलार्म’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली नुसता आवाज करते. दार उघडले किंवा काचेवर धक्का बसला की सायरन वाजतो. दुसरी इंजिन सुरूच होऊ देत नाही. तिला इमोबिलायझर म्हणतात. मोहल्ल्यात सायरन वाजला तर चार माणसे खिडकीत येतील. पण महामार्गावरच्या धाब्याबाहेर किंवा मालधक्क्यावर रात्री दोन वाजता कोण येणार? म्हणून आमचा सल्ला असा, की जुन्या गाडीसाठी आधी अडथळ्याचा विचार करावा, आवाजाचा नंतर.

सर्वांत साधा अडथळा म्हणजे गिअर लॉक किंवा स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा. त्याला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही आणि तो बाहेरून दिसतो. चोराला घाई असते. वेळ खाणारी गाडी तो सहसा सोडून देतो. दुसरा अडथळा म्हणजे लपवलेले कट-ऑफ बटण. ते कुठे आहे हे घरच्या माणसांनाच माहीत असावे.

पेट्रोल आणि डिझेल यांत फरक आहे

इंजिन कुठल्या जागी तोडायचे, हे गाडी पाहून ठरवावे लागते. कार्बोरेटरच्या जुन्या पेट्रोल गाड्यांत पेट्रोलचा पंप बहुधा इंजिनच्या हालचालीवर चालतो. तिथे पंपाची वायर नसतेच. अशा गाडीत इग्निशन कॉइल किंवा स्टार्टरची वायर तोडतात. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पंप विजेवर चालतो, त्यामुळे तोही तोडता येतो.

जुन्या डिझेल जीपचे तसे नाही. तिला इग्निशन कॉइल नसते. नुसता स्टार्टर तोडला, तर उतारावर ढकलून ती सुरू करता येते. तिथे डिझेलचा पुरवठा थांबवणारा सोलेनॉइड अलार्मला जोडावा लागतो. ज्या गाड्या तार ओढून बंद होतात, त्यांना तो सोलेनॉइडही नसतो. त्यांच्यासाठी गिअर लॉकच बरे.

रिमोटने चालती गाडी बंद करण्याची सोय काही दुकानदार मोठ्या कौतुकाने दाखवतात. ती घेऊ नये. धावत्या गाडीचे इंजिन अचानक बंद पडले, की पॉवर ब्रेक असलेल्या गाडीत थोड्याच वेळात ब्रेक जड होतात आणि अपघात ओढवू शकतो. बंद गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा पुरेशी आहे.

बॅटरीचा हिशोब

अलार्म गाडी उभी असतानाही वीज खातो. समजा तो २० मिलिअँपिअर घेतो. चोवीस तासांत हे जवळपास अर्धा अँपिअर-तास झाले आणि महिन्यात साडेचौदा. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली, तर महिनाभर उभ्या गाडीची चाळीस टक्के शक्ती एकट्या अलार्मने संपवली. बॅटरी जुनी असेल तर गाडी त्याआधीच बसते. हजला किंवा आखातात जाऊन महिना-दोन महिने गाडी उभी ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे आणि जाताना बॅटरीची वायर काढून गिअर लॉक लावावे.

अलार्म बसवण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीच्या निगेटिव्ह वायरमध्ये मीटर लावून घ्यावा. सर्व काही बंद असताना ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज जात असेल, तर आधी तो दोष काढावा.

खोटी बोंब

जुन्या गाडीत अलार्म विनाकारण वाजण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दाराचे गंजलेले स्विच. कोकणच्या खाऱ्या हवेत ते लवकर जातात. चारही दारांचे आणि बॉनेटचे स्विच नवे घालून घ्यावेत. शॉक सेन्सरची तीव्रता कमी-जास्त करता येते, ती बसवतानाच जुळवून घ्यावी. ट्रक गेला की वाजणारा अलार्म आठ दिवसांत कोणी ऐकेनासे होते. शिवाय तरावीहच्या वेळी मशिदीबाहेर किंवा मध्यरात्री इमारतीखाली कोकलणारी गाडी हा शेजाऱ्यांच्या हक्काचाही प्रश्न आहे. सायरन काही सेकंदांत आपोआप थांबणारा घ्यावा.

दुकानात काय विचारावे

रिमोटचा कोड दर वेळी बदलतो का, हे पहिले विचारावे. कोड कायम तोच राहत असेल, तर चोर तो हवेतून टिपून पुन्हा वापरू शकतो. सायरनला स्वतःची छोटी बॅटरी आहे का, हे दुसरे. नसेल तर बॉनेट उघडून वायर तोडली की तो गप्प. रिमोट दोन मिळतात का आणि हरवल्यास नवा जोडता येतो का, हे तिसरे.

उभी गाडी उचलून खालचा भाग काढला जात असेल, तर दाराचे स्विच काही कळवत नाहीत. ईको गाड्यांचे सायलेन्सर त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियमसारख्या मौल्यवान धातूंसाठी चोरीला जाऊ लागले, तेव्हा अनेकांना हे समजले. अशा गाडीसाठी तिरकेपणा ओळखणारा सेन्सर हवा. जीपीएस ट्रॅकर चांगला, पण तो चोरी रोखत नाही, गाडी गेल्यावर शोधायला मदत करतो. त्याची वार्षिक फी किती आणि तो फक्त २जी वर चालतो की ४जी वरही, हे विचारून घ्यावे.

ज्यांचा सर्वंकष विमा आहे त्यांनी डब्यावर पुण्याच्या एआरएआय या संस्थेची मान्यता पाहावी. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये अशा मान्य यंत्रणेसाठी, ऑटोमोबाइल असोसिएशनच्या दाखल्यावर, स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सवलत ठेवली होती. आपली कंपनी आज काय देते, हे नूतनीकरणाच्या वेळी विचारावे. चोरी झालीच तर त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद द्यावी. फिर्याद ताबडतोब दिली असेल, तर कंपनीला कळवण्यास उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

कारागिरांना दोन शब्द

ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात आपले अनेक तरुण आहेत. त्यांना आमचे सांगणे असे. चांगला डबा वाईट हाताने बसवला तर तो चोरापेक्षा जास्त नुकसान करतो. वीस वर्षांची वायरिंग कडक झालेली असते. तिला चिमटा मारून वर टेप गुंडाळला, की सांधा तापतो आणि आगही लागू शकते. सांधे डाखाचे किंवा दाबून बसवलेले असावेत, फ्यूज बॅटरीजवळ असावा आणि पत्र्यातून वायर नेताना रबराची बाही घालावी. गाडीची वायरिंग अलार्म घेण्याच्या लायकीची नसेल, तर गिऱ्हाइकाला तसे आधी सांगावे. दोष झाकून केलेल्या विक्रीत बरकत नसते. बिल द्यावे, त्यावर हमीची मुदत लिहावी आणि तोडलेल्या वायरींचा कागदी नकाशा मालकाच्या हाती द्यावा. गाडीची चावी देणारा आपल्याकडे अमानत सोपवत असतो आणि लपवलेले बटण कुठे आहे, हे ज्ञानही अमानतच आहे.

मालकांनी थोडक्यात हा क्रम ठेवावा: आधी बॅटरी, वायरिंग आणि दारांची कुलपे ठीक करावीत, मग गिअर लॉक लावावे, मग इमोबिलायझर आणि पैसे उरले तर सायरन. आणि पाच मिनिटांचे काम असले, तरी चावी गाडीत ठेवून उतरू नये.