परदेशातील नोकरीचे आमिष आणि कायद्याचा फास

कोल्हापूर - परदेशातील नोकरी म्हटले, की आपल्याकडे पूर्वी दुबई, मस्कत, कुवेत हीच नावे डोळ्यांसमोर येत. गेल्या काही वर्षांत त्यांत थायलंड, कंबोडिया, लाओस आणि म्यानमारची भर पडली आहे. 'डेटा एंट्री'चे काम, राहणे-जेवणे मोफत आणि पगार डॉलरमध्ये, असा निरोप मोबाईलवर येतो. घरचे दागिने गहाण पडतात, मुलगा महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठतो आणि बँकॉकच्या विमानात बसतो. तिथे उतरल्यावर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते, याची कल्पना ना त्याला असते, ना घरच्यांना.

प्रश्न किती मोठा आहे, हे केंद्रीय इमिग्रेशन विभागाच्या आकडेवारीवरून दिसते. जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात पर्यटक म्हणून कंबोडिया, थायलंड, म्यानमार आणि व्हिएतनामला गेलेल्या २९,४६६ भारतीयांच्या परतीची नोंद झालेली नव्हती. त्यातील निम्म्याहून अधिक जण २० ते ३९ या वयोगटातील होते. पंजाब, महाराष्ट्र आणि तमिळनाडू या तीन राज्यांचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त होता. हे सारेच फसवले गेले असे नव्हे. पण धोक्याची घंटा ऐकू यावी इतका हा आकडा मोठा आहे.

पर्यटक म्हणून प्रवेश, कामगार म्हणून गुन्हा

थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसाची अट माफ केली. एजंटांचे काम त्यामुळे आणखी सोपे झाले. 'आधी पर्यटक म्हणून जा, वर्क परमिट तिथे करून देऊ,' हे त्यांचे ठरलेले वाक्य. मात्र, परवान्याशिवाय काम करणाऱ्या परदेशी नागरिकाला थायलंडमध्ये ५ हजार ते ५० हजार बाट दंड होतो आणि देशाबाहेर काढले जाते. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बाट, कमाल २० हजार बाट भरावे लागतात. मुदत उलटल्यानंतर पोलिसांच्या हाती सापडल्यास पाच वर्षे, आणि वर्षाहून अधिक काळ लोटला असल्यास दहा वर्षे, प्रवेशबंदी होते. एजंट जी सवलत म्हणून सांगतो, ती प्रत्यक्षात गुन्ह्याची पहिली पायरी असते.

लाच देऊन ओलांडलेली सीमा

बँकॉकहून गाडी सुमारे ५०० किलोमीटरवरील मे सोत या सीमेवरच्या गावी जाते. मोई नदी ओलांडली, की पलीकडे म्यानमारमधील म्यावाडी. तिथे सरकारपेक्षा सशस्त्र गटांची हुकमत अधिक चालते. नाक्यावर 'सगळे सांभाळून घेतले आहे,' असे एजंट सांगतो. लाच देऊन रस्ता मोकळा होत असेल. पण पासपोर्टवर शिक्का उमटत नाही. त्या क्षणापासून तो तरुण कायद्याच्या दृष्टीने घुसखोर ठरतो, आणि नेमकी हीच गोष्ट त्याला धाकात ठेवण्यासाठी वापरली जाते. 'पोलिसांकडे गेलास तर तुरुंगात तूच जाशील,' ही धमकी पोकळ नसते.

'ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल'च्या २०२४ च्या निर्देशांकात १०० पैकी थायलंडला ३४, कंबोडियाला २१ आणि म्यानमारला १६ गुण होते, भारताला ३८. जिथे नियम कडक आणि अंमलबजावणी विकाऊ असते, तिथे परक्या माणसाची कोंडी सर्वाधिक होते. पैसे घेणारा अधिकारी बदलला, की कालची 'सोय' आजचा गुन्हा ठरते.

बळी की आरोपी?

या वसाहतींत पासपोर्ट काढून घेतले जातात आणि मारहाणीच्या धाकाखाली लोकांना ऑनलाइन फसवण्याचे काम करून घेतले जाते. फसवले जाणाऱ्यांत भारतीयही असतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना मे सोतमार्गे परत आणले. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागाने साठहून अधिक जणांच्या सुटकेची माहिती देत पाच एजंटांना अटक केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'केके पार्क'वर कारवाई झाल्यावर शेकडो भारतीय जीव मुठीत धरून थायलंडमध्ये शिरले. मात्र, तिथे इमिग्रेशन कायद्याचा भंग केल्याबद्दल त्यांना ताब्यात घेण्यात आले. सुटकेचा मार्गही बेकायदा ठरावा, ही या सापळ्याची खरी क्रूरता होय.

आपल्याकडील पळवाट

दहावी न झालेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद असते. १८ ठराविक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी तिला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'ची मंजुरी घ्यावी लागते. या यादीत थायलंड, मलेशिया व इंडोनेशिया आहेत. म्यानमार, कंबोडिया आणि लाओस नाहीत. शिवाय फसणारे बहुतेक तरुण शिकलेले, संगणक येणारे. त्यामुळे ते या चाळणीतून जातच नाहीत. १९८३ च्या एमिग्रेशन (उत्प्रवास) कायद्यात विनापरवाना एजंटाला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अवघा दोन हजार रुपयांपर्यंत! भारतीय न्याय संहितेत मात्र मानवी तस्करीसाठी किमान सात वर्षांची सक्तमजुरी आहे. म्हणून तक्रार करताना 'पैशांची फसवणूक' एवढेच न लिहिता, मुलाला कुठे व कसे नेले, हेही नोंदवणे महत्त्वाचे ठरते.

जाण्यापूर्वी

- एजंटाचा नोंदणी क्रमांक 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपासावा. नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही.
- नोकरीचा व्हिसा हाती आल्याशिवाय निघू नये.
- पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तो मालकाच्या ताब्यात देऊ नये. त्याची प्रत घरी ठेवावी.
- दुसऱ्याचे पार्सल नेऊ नये. सिंगापूरमध्ये १५ ग्रॅमहून अधिक हेरॉइनच्या तस्करीला फाशीची शिक्षा आहे, आणि 'मला ठाऊक नव्हते' हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो.
- अटक झाल्यास भारतीय दूतावासाला कळवण्याची मागणी करावी. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार तो हक्क आहे. न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये.
- संपर्क तुटल्यास घरच्यांनी लाजेखातर थांबू नये. 'मदद' संकेतस्थळावर आणि पोलिसांकडे त्वरित तक्रार द्यावी.

परदेशी जाण्यात गैर काहीच नाही. पण ज्या नोकरीसाठी सीमा रात्रीच्या अंधारात ओलांडावी लागते, ती नोकरी नसतेच, एवढे तरी घराघरांत सांगितले गेले पाहिजे.