छोटे सैनिक, मोठा हिशेब
आधी प्रमाण ठरवा, मगच साचा करा

समजा, परदेशातून ऑर्डर आली: २८ मि.मी.चे शंभर सैनिक पाठवा. कारागिराने तळव्यापासून टोपीच्या टोकापर्यंत बरोबर २८ मि.मी. मोजले, साचा केला, माल ओतून रवाना केला. गिऱ्हाइकाचा निरोप आला की हे सैनिक आमच्या सैनिकांशेजारी पोरांसारखे दिसतात. हुन्नर चोख होते, चुकले ते माप. साचा, धातू आणि मजुरी मात्र कारागिराच्या अंगावर पडली.

टेबलावर फौजा मांडून लढाई खेळण्याचा शौक ब्रिटनमध्ये जुना आहे. एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ साली अशा खेळाच्या नियमांचे पुस्तकच लिहिले. आज या शौकात पोरांपेक्षा कमावती माणसे जास्त आहेत आणि ती मापाबाबत फार चोखंदळ असतात.

माप सांगण्याच्या दोन रीती आहेत. पहिली प्रमाणाची. १:७२ म्हणजे खऱ्या वस्तूचा बहात्तरावा भाग. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस या प्रमाणात सुमारे २४ मि.मी. भरतो, १:३५ मध्ये ५० मि.मी. आणि १:३२ मध्ये सुमारे ५५ मि.मी. दुसरी रीत मिलिमीटरची, आणि घोटाळा इथेच होतो. अनेक कारखानदार तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, काही डोक्यापर्यंत. शिवाय २८ मि.मी.च्या खेळात डोके, हात आणि हत्यारे मुद्दाम जाड करतात. खऱ्या जाडीची तलवार त्या मापात कागदासारखी होईल आणि हाताळताना मोडेल.

मग कोणते माप कशासाठी? हजारोंच्या फौजा दाखवायच्या तर ६ किंवा १५ मि.मी. प्रत्येक सैनिक ओळखू यावा असा छोट्या तुकड्यांचा खेळ असेल तर २८ मि.मी. कपाटात सजवून ठेवायचा एकच सरदार असेल तर ५४ मि.मी. किंवा त्याहून मोठा. रणगाडे आणि मोटारींच्या प्लास्टिक मॉडेलांसोबत ठेवायचा तर १:७२ किंवा १:३५.

धातूचा हिशेबही विसरू नये. उंची दुप्पट झाली की वजन दुप्पट नव्हे, आठपट होते. २८ ऐवजी ५४ मि.मी.चा सैनिक केला तर धातू सुमारे सातपट लागतो. दर सांगताना उंचीकडे पाहून सांगितला तर नुकसान ठरलेले. जुने सैनिक शिशाचे असत. शिसे ओतणाऱ्यालाही घातक आणि मुलांनाही. म्हणून कथिलाची, शिसे नसलेली मिश्रधातू वापरावी. भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सवलत आहे, तेव्हा नोंदणी करून ठेवणे शहाणपणाचे.

ज्यांना माणसांच्या आकृती घडवायच्या नाहीत, त्यांनाही या धंद्यात जागा आहे. खेळाला घरे, पूल, विहिरी, तटबंदी लागतातच. सजावटीच्या बाहुलीघरांचे ठरलेले प्रमाण १:१२, म्हणजे फुटाला एक इंच. नवी दिल्लीची आखणी करणारे लटियन्स यांनीच १९२४ साली पुरे झालेले राणी मेरीचे बाहुलीघर याच प्रमाणात केले. ते आजही विंडसरच्या किल्ल्यात आहे. दीड फूट उंचीची बैठक म्हणजे दीड इंच. लाकूडकाम आणि पितळकाम करणाऱ्या आपल्या बांधवांना हा हिशेब तोंडपाठ होण्यासारखा आहे.

ऑर्डर घेताना तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: प्रमाण किती, माप डोळ्यांपर्यंत की डोक्यापर्यंत, आणि गिऱ्हाइकाकडील एक नमुना. नमुना शेजारी ठेवून पहिला नग पसंत करून घ्यावा, मगच साच्याला हात लावावा. टपालाचा तेवढा खर्च परवडतो, शंभर नग परत आलेले परवडत नाहीत.