हॉकिन्सची भेग, किल्लारीची भिंत

लेखमाला : पडद्यावरची भीती (भाग ६)

मागच्या भागात ‘रात्रीस खेळ चाले’बद्दल लिहिलं होतं. २०१६ साली झी मराठीवर ती मालिका सुरू झाली तेव्हा कोकणची बदनामी होते म्हणून कोकणातूनच विरोध झाला. आपलं अंगण पडद्यावर दिसलं की प्रेक्षक हळवा होतो, हे समजण्यासारखं आहे. लातूर-नांदेडकडचं अंगण भीतीच्या मालिकेत कुणी दाखवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तरीही एका परदेशी विज्ञान-भयमालिकेचा एक भाग आपल्याकडच्या घरांत असा काही भिडला की त्याच्यासाठी एक आख्खा हप्ता द्यायलाच हवा.

मालिका ‘स्ट्रेंजर थिंग्ज’. चौथ्या पर्वाचे शेवटचे दोन भाग नेटफ्लिक्सवर १ जुलै २०२२ रोजी आले. हिंदीतही ऐकता येत असल्यामुळे लातूरच्या क्लासेसच्या भागातल्या वसतिगृहांपासून नांदेडच्या कॉलेजांपर्यंत पोरांनी ते मोबाइलवर पाहिले. गोष्ट १९८६ सालची, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या हॉकिन्स नावाच्या काल्पनिक गावची. गावाच्या खाली गावासारखंच दुसरं, अंधारं जग आहे आणि तिथला वेक्ना मनात अपराधाची सल घेऊन जगणाऱ्या मुलांना हेरून मारतो. शेवटच्या भागात चार ठिकाणांहून जमीन फाटत येते, भेगा गावाच्या मध्यावर मिळतात, आतून लाल उजेड दिसतो. बातम्यांत मात्र सांगितलं जातं की भूकंप झाला.

या भागावर मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्या प्रतिक्रिया वयाप्रमाणे सरळ दुभंगल्या. विशीच्या आतली मुलं वेक्नाबद्दल बोलतात, त्याच्या तावडीत सापडलेली मॅक्स वाचेल का याबद्दल बोलतात. पन्नाशीच्या पुढच्यांना वेक्नाचं नावही आठवत नाही. त्यांना आठवते ती फाटणारी जमीन, आणि त्याहून जास्त तिच्या आधीची घरघर.

माझी मावशी औशाची. माझ्या भाच्याने नवा साउंडबार आणला होता, त्यावर हा भाग लागला. भेगा पडायच्या आधी खोलीत तो घुमणारा आवाज भरला आणि खिडकीची काच थरथरली. मावशी काही न बोलता उठली, दाराची कडी काढली, दार थोडं उघडं केलं, चपला उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवल्या आणि मग म्हणाली, “आवाज कमी कर बाबा. असाच घुमला होता त्या रातीला.” पोरं गप्प झाली. पोरांना त्या रातीबद्दल पुस्तकातल्या एका ओळीपलीकडे काही ठाऊक नव्हतं.

ती रात्र ३० सप्टेंबर १९९३ची. गणपती विसर्जनानंतर माणसं नुकती अंथरुणाला पाठ टेकून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीजवळ सुमारे ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं भुईसपाट झाली, हजारो माणसं गेली. आधीच्या वर्षीच किल्लारी परिसरात लहान धक्के बसले होते, जमिनीतून आवाज आले होते. म्हणून इथल्या माणसाला जमिनीतला आवाज ही नुसती करमणूक वाटू शकत नाही. त्याला भित्रा किंवा अडाणी म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता हा आवाज येतो कसा, ते पाहू. माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झच्या वरचे आवाज ऐकू येतात. ध्वनियोजनाकार भीतीच्या प्रसंगात मुद्दाम याच सीमेजवळचे खोल सूर वापरतात. ते कानापेक्षा छातीला आधी जाणवतात आणि कुठून आले ते मेंदूला ठरवता येत नाही. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून शंभर हर्ट्झखालचं फारसं काही बाहेर पडत नाही. वरच्या सुरांवरून खालचा सूर मेंदू स्वतः भरून काढतो. त्यामुळे मोबाइलवर पाहणाऱ्याला तो आवाज ‘कळतो’, पण साउंडबारवर तो अंगाला लागतो. मुलं आणि मावशी यांच्या प्रतिक्रियेतला थोडा फरक इथेच आहे, बाकीचा स्मरणातला.

खऱ्या जमिनीतला आवाज वेगळ्या मार्गाने येतो. लहान भूकंप फार खोल नसेल तर त्याच्या पहिल्या लहरी कठीण खडकातून सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगाने वर येतात आणि जमिनीचा पृष्ठभाग एखाद्या पडद्यासारखा हलवून हवेत आवाज उठवतात. जाड, भुसभुशीत गाळ असता तर वरच्या कंपनसंख्येच्या लहरी वाटेतच जिरल्या असत्या. आपल्याकडे खाली दख्खनचा बेसाल्ट आहे, ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचा. किल्लारीजवळच्या संशोधन विंधनछिद्रात तो ३३८ मीटर जाडीचा लागला. असा खडक आवाज पुढे नेतो. म्हणून न जाणवणारा धक्काही कधी कधी ऐकू येतो. २००७च्या आसपास नांदेड शहरात असे आवाज येत होते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे यंत्रं बसवून ते लहान, उथळ भूकंपांचेच असल्याचं दाखवलं.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा तो भाग येऊन दोन महिने होतात न होतात तोच, सप्टेंबर २०२२मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज येऊ लागले. किल्लारी तिथून सुमारे २८ किलोमीटर. लोक धास्तावले आणि शास्त्रज्ञांच्या पथकाला पाचारण करावं लागलं. पुढे १५ फेब्रुवारी २०२३ला लातूर शहरात विवेकानंद चौकाच्या परिसरात सकाळी साडेदहाच्या पुढे गूढ आवाज ऐकू आले. लातूर, औराद शहाजानी आणि आशिव इथल्या भूकंपमापकांवर मात्र काहीच नोंद नव्हती. म्हणजे प्रत्येक गडगडाट भूकंपाचा असतोच असं नाही.

“सरकार लपवतंय” हे वाक्य त्या दिवसांत मी बऱ्याच तोंडून ऐकलं. हॉकिन्सच्या गोष्टीत अधिकारी खरं कारण दडवून भूकंपाचं नाव पुढे करतात. आपल्याकडे यंत्रं भूकंप नाही म्हणतात आणि लोकांना तोच दडवल्यासारखा वाटतो. या संशयाला उत्तर आहे. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या असतात, ‘भूकंप’ नावाच्या त्यांच्या अ‍ॅपवरही दिसतात. २१ मार्च २०२४ला पहाटे सहाच्या सुमारास हिंगोलीजवळ ४.५ क्षमतेचा धक्का बसला आणि नांदेडकर घराबाहेर धावले, तेव्हा केंद्रबिंदूसकट त्याची माहिती थोड्याच वेळात सर्वांसमोर होती.

राहिला मोठा प्रश्न, जो भाच्याने विचारला : जमीन अशी फाटून माणसं गिळते का? दोन तळवे घट्ट दाबून एकमेकांवरून सरकवून पाहा. आधी अडतात, मग एकदम सटकतात. भूकंप त्या सटकण्यात असतो, आणि सटकायला आधी दोन्ही बाजू एकमेकींना चिकटून अडलेल्या असाव्या लागतात. मध्ये दरी पडली तर घर्षणच उरणार नाही. किल्लारीला तर जमीन आवळली गेली होती. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटतो, त्याचा दाब इथपर्यंत पोचतो आणि जुन्या भ्रंशावर खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढतो. जमिनीवर भेगा दिसल्या, काही ठिकाणी उंचवटे आले, पण कुणी पाताळात गेलं नाही.

माणसं मेली ती घरांमुळे. गोल दगड आणि माती रचून केलेल्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, त्यावर लाकडी सरे आणि वर्षानुवर्षं माती टाकून जाड केलेलं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं ते छत त्या पहाटे झोपलेल्यांच्या अंगावर आलं. पटकथाकाराला खालून येणारं संकट सोयीचं असतं. किल्लारीत ते वरून आलं. माझ्या मते या एका बाबतीत ती मालिका आपल्याकडच्या प्रेक्षकाची नजर चुकीच्या दिशेला नेते. बाकी तिची कारागिरी मला आवडते, आणि मुलांनी ती पाहू नये असं मी मुळीच म्हणणार नाही.

पाहा, पण घरातल्या मोठ्यांबरोबर पाहा आणि नंतर त्यांना त्या रात्रीबद्दल विचारा. मग घरातून एक फेरी मारा : पलंगाच्या वर माळ्यावर ट्रंका रचल्या आहेत का, कपाट भिंतीला पक्कं आहे का, जुन्या दगडमातीच्या खोलीत अजून कुणी झोपतं का. जमिनीतून आवाज आला तर वेळ लिहून ठेवा आणि तहसील कार्यालयाला कळवा. पुढच्या आठवड्यात मंगळावरून पृथ्वीवर झालेल्या स्वारीच्या त्या रेडिओ-नाट्याबद्दल लिहीन, ज्याच्या १९४९मधल्या प्रयोगानंतर क्वितो शहरात संतापलेल्या श्रोत्यांनी रेडिओ केंद्रच पेटवलं होतं.