पाण्याचे गुणधर्म आणि सजीवांचे जीवन

पैनगंगेच्या काठी वसलेल्या मेहकरपासून थोड्याच अंतरावर लोणारचे सरोवर आहे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेल्या या विवराच्या कडेला गोमुखाची गोड्या पाण्याची धार आहे; तळाशी मात्र खारट व अल्कधर्मी पाणी साठलेले आहे. एकाच ठिकाणी पाण्याची ही दोन रूपे का आढळावीत, याचे उत्तर पाण्याच्या गुणधर्मांत आहे.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूस किंचित ऋण, तर हायड्रोजनच्या बाजूस किंचित धन विद्युतभार असतो. त्यामुळे पाणी अनेक क्षारांचे कण विलग करून आपल्यात सामावून घेते. जमिनीतील नत्र व पालाश पिकांच्या मुळांना मिळतात आणि अन्नरस रक्तावाटे शरीरभर पोहोचतो, तो याच गुणामुळे. लोणारच्या सरोवरातून पाणी बाहेर वाहून जाण्यास वाट नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात आणि साठत जातात. अशा पाण्यातही नील-हरित शैवाले वाढतात. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, ते क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले.

रेणूंच्या परस्पर आकर्षणामुळे पाण्याची अखंड धार झाडाच्या शेंड्यापर्यंत चढते. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. म्हणूनच वैदर्भीय उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्याच्या शरीराचे तापमान आटोक्यात राहते. शरीरातील पाणी घटले की हे संरक्षण संपते व उष्माघाताचा धोका संभवतो.

परंतु जो गुण पोषण करतो, तोच अपायही करू शकतो. विरघळलेले नायट्रेट वा फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही. पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात. क्षार मात्र जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅमहून आणि फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, ज्यात बुलडाणा जिल्ह्याचाही काही भाग येतो, या प्रश्नाची तीव्रता विशेष जाणवते.

म्हणून विहिरीचे वा विंधन विहिरीचे पाणी केवळ नितळ दिसते यावर समाधान न मानता, ग्रामपंचायतींनी त्याची रासायनिक व जैविक तपासणी नियमितपणे करून घ्यावी आणि तिचे निष्कर्ष ग्रामसभेपुढे ठेवावेत. शिक्षकांनी हा विषय विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचविल्यास या कार्यास मोठाच हातभार लागेल.