आधी चेहरा, मग गळा

१९९४ साली बँकेनं मला हाँगकाँगच्या शाखेत पाठवलं. आमचं ऑफिस सेंट्रल भागात होतं. आठवडाभर तिथं सूटबूट आणि ब्रीफकेसा यांचीच वर्दळ. पण वर्षअखेरच्या ताळेबंदासाठी एका रविवारी ऑफिसात जावं लागलं आणि रस्ता ओळखू येईना. वाहनं बंद. रस्ताभर पुठ्ठे, चटया आणि त्यांवर हजारो फिलिपिनी बायका. साऱ्या घरकामाला आलेल्या, आठवड्यातून एक दिवस सुटी मिळणाऱ्या. कुणी पत्ते खेळतंय, कुणी मैत्रिणीचे केस कापतंय, कुणी गावी पाठवायची खोकी चिकटपट्टीनं बांधतंय. हाँगकाँग बँकेच्या त्या गाजलेल्या इमारतीचा तळ चारी बाजूंनी उघडा आहे. सावली म्हणून तिथं तर पाय ठेवायला जागा नव्हती.

तिथंच एक बाई गात होती. वय चाळिशीच्या आसपास, अंगात साधा टी-शर्ट, पायांत सपाता. माइक नाही, पेटी नाही. पण आवाज असा, की वरच्या छताला लागून तो परत खाली येत होता. पत्ते थांबले. कुणी मान डोलावली नाही, कुणी दाद दिली नाही. शेजारची एक बाई नुसती डोळे पुसत होती. गाणं संपल्यावर दोन क्षण काहीच झालं नाही. मग कुणीतरी काहीतरी बोललं, सगळ्या खो-खो हसल्या आणि भाताचा डबा पुढे सरकला.

वाटेवर एक गोरं जोडपं थांबलं होतं. त्यांनी गाणं संपायच्या आतच फोटो काढला आणि एकमेकांकडे बघून हसत ते पुढे गेले. मोलकरीण गाते, ही गंमत त्यांना टिपायची होती. काय गाते, कसं गाते, हा प्रश्नच नव्हता. मला राग आला खरा. पण मी तरी काय, फाईल बगलेत धरून आश्चर्यच करत उभा होतो.

"आमच्या बाजूचं गाणं आहे, सर," डोळे पुसणारी म्हणाली. "'आय कालिसुद'. म्हणजे, काय हे दुःख! जोव्हिता फुएन्तेस गायची."

हे नाव मी तेव्हा प्रथम ऐकलं. पुढे जमेल तसं शोधत गेलो.

जोव्हिता फुएन्तेस १८९५ साली कापिझ या गावात जन्मली. (गावाचं नाव आता रोहास सिटी. तिथंच जन्मलेल्या राष्ट्राध्यक्ष मानुएल रोहास यांच्यावरून ते पडलं.) तीन शतकांहून अधिक काळ स्पेनच्या ताब्यात असलेला हा देश तिच्या लहानपणी, १८९८ मध्ये, अमेरिकेच्या हाती गेला. स्पॅनिशांच्या चर्चमधून आणि 'सार्सुएला' नावाच्या संगीतनाटकांतून पाश्चात्त्य गायकी तिथल्या घराघरांत शिरली होती. आपल्याकडे जसं नाट्यपद स्वयंपाकघरातही गुणगुणलं जायचं, तसंच. फिलिपिन्स विद्यापीठाच्या संगीत विद्यालयात जोव्हिता शिकवत होती. १९२४ साली ती बोट धरून मिलानला गेली. वय एकोणतीस. शिक्षिकेनं पुन्हा विद्यार्थिनी व्हायचं हे वय नव्हे.

आठेक महिने कसून मेहनत केली आणि १९२५ साली पिआचेन्झाच्या म्युनिसिपल थिएटरात ती उभी राहिली. भूमिका पुचिनीच्या 'मादाम बटरफ्लाय'मधल्या चो-चो-सानची. अमेरिकन नौदल अधिकाऱ्यानं लग्न करून सोडून दिलेली जपानी मुलगी.

तिनं काय धाडस केलं हे कळायला इटलीतला ऑपेराचा प्रेक्षक कसा असतो हे माहीत हवं. तिथं सर्वांत वरच्या, सर्वांत स्वस्त गॅलरीत बसणारे लोक सर्वांत जाणकार आणि सर्वांत निर्दय. एकेक जागा त्यांना पाठ. सूर चुकला की शिट्टी. तीसुद्धा आपल्यासारखी कौतुकाची नव्हे. तिथं शिट्टी म्हणजे 'खाली उतर'. याच 'बटरफ्लाय'चा पहिला प्रयोग १७ फेब्रुवारी १९०४ रोजी मिलानच्या ला स्काला थिएटरात झाला, तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली, जनावरांचे आवाज काढले. पुचिनीनं ऑपेरा मागे घेतला, दुरुस्त केला आणि त्याच वर्षी मे महिन्यात ब्रेशा शहरात पुन्हा उभा केला. तिथं लोकांनी तो डोक्यावर घेतला. प्रेक्षकाला बुद्धी असते की लहर, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

पुचिनी १९२४च्या नोव्हेंबरमध्ये वारला होता. त्याच्या आठवणी ताज्या असताना, मिलानपासून फार दूर नसलेल्या गावात ही परदेशी मुलगी त्याची नायिका गाऊन दाखवत होती. आणि लोकांनी तिला स्वीकारलं. फिलिपिन्समध्ये त्या रात्रीची आठवण अजून अभिमानानं सांगतात.

ऑपेराचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याची गंमत मला घरातच अनुभवायला मिळाली. हाँगकाँगमध्ये मी 'बटरफ्लाय'ची कॅसेट आणली. दुसऱ्या अंकातलं ते प्रसिद्ध गाणं सुरू झालं, तशी सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, त्या बाईला काही दुखतंय का?"

तिचं चुकलं नव्हतं. हा आवाज दिवाणखान्यासाठी घडवलेलाच नाही. माइकशिवाय साठ-सत्तर वादकांच्या वाद्यवृंदाला ओलांडून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर नुसता जोर पुरत नाही. वाद्यवृंदाची ताकद बरीचशी खालच्या पट्ट्यात, ५०० कंपनांच्या आसपास एकवटलेली असते. कसलेला गायक घशाची पोकळी अशी काही साधतो, की त्याच्या आवाजात सेकंदाला ३००० कंपनांच्या आसपास एक धार येते. तिथं वाद्यं दुबळी असतात, म्हणून माणसाचा गळा वर तरंगतो. स्त्रियांचे फार उंच सूर आणखी वेगळ्या युक्तीनं पोचतात. आपल्याकडे माइक येण्यापूर्वीचे नट काय करत असतील? केशवराव भोसले आणि बालगंधर्व १९२१च्या 'संयुक्त मानापमाना'त गायले तेही माइकशिवायच. फरक एवढाच, की आपला प्रेक्षक 'वन्स मोअर' म्हणून नाटक थांबवायचा आणि नायिकेचे अश्रूही पुन्हा काढायला लावायचा.

जोव्हिताच्या भूमिकांची यादी मात्र मला थोडी खटकते. बटरफ्लाय जपानी. मास्कान्यीची आयरिस जपानी. 'तुरांदोत'मधली लिऊ चीनमधली गुलाम मुलगी. रिचर्ड स्ट्राउसनं तिला स्वतः सालोमेची भूमिका देऊ केली, असं फिलिपिन्समध्ये नोंदलेलं आहे. ती सालोमेही पूर्वेचीच. 'ला बोहेम'मधली पॅरिसची मिमी तिनं गायली, हा अपवाद. म्हणजे गळ्यानं दार उघडलं, पण आत कुठल्या खोलीत बसायचं हे चेहऱ्यानं ठरवलं. बँकेतही मी हे पाहिलं आहे. बढती द्यायची, पण खातं ठरलेलंच.

हे तिच्यापाशी थांबलं नाही. १९८९ साली लंडनमध्ये 'मिस सायगॉन' आलं. कथा 'बटरफ्लाय'चीच, फक्त जपानऐवजी व्हिएतनाम. नायिका शोधायला निर्माते मनिलाला गेले आणि लेआ सालोंगा ही कोवळी फिलिपिनी मुलगी जगप्रसिद्ध झाली. त्याच नाटकात युरेशियन पात्र मात्र जॉनथन प्राइस या गोऱ्या नटानं केलं आणि ते ब्रॉडवेला जाताना, १९९० साली, मोठा वाद पेटला. पासष्ट वर्षांत एवढीच प्रगती. याउलट एव्हलिन मंडाकनं १९७५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पुचिनीच्याच 'जान्नी स्किक्की'मधली लाउरेत्ता गायली. लाउरेत्ता फ्लॉरेन्सची मुलगी. हे वाचलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं.

जोव्हिता मायदेशी परतली. तिनं कलावंतांची संघटना उभारली, मुलं घडवली, आपल्या लोकांना ऑपेराची गोडी लागावी म्हणून खपली. १९७६ साली ती राष्ट्रीय कलावंत झाली. संगीतात हा मान मिळवणारी पहिली स्त्री. दोन वर्षांनी ती वारली. युरोप गाजवलेली ही बाई 'आय कालिसुद' हे आपल्या मुलखातलं विरहगीतही गायची, आणि सामान्य माणसांनी लक्षात ठेवलं ते हेच.

त्या रविवारी संध्याकाळी ऑफिस बंद करून निघालो, तेव्हा चटया गुंडाळणं चाललं होतं. गाणारी बाई पैसे पाठवल्याची पावती नीट घडी करून पाकिटात ठेवत होती. मी धीर करून विचारलं, गाणं कुठं शिकलात?

"कॉलेजात, सर. शाळेत संगीत शिकवायचे मी. सहा वर्षं."

"मग तुमच्या मालकिणीला ठाऊक आहे, तुम्ही इतकं चांगलं गाता ते?"

ती हसली. "घरात गायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय." मग तिनं घड्याळ पाहिलं. तिला नऊच्या आत परतायचं होतं.