भाड्याच्या घराचा खरा हिशेब

आम्हा कोकणी कुटुंबांत घरटी एखादा जण तरी आखातात राबतो आणि त्याच्या बचतीतून पनवेल, करंजाडे, कामोठे किंवा तळोजाच्या बाजूला एखादी सदनिका घेतली जाते. भाडे येत राहील, म्हातारपणाला आणि मुलांच्या शिक्षणाला आधार होईल, ही त्यामागची आशा. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. आता ‘एका घराची दोन करा’ असे सांगणाऱ्यांची कमतरता नाही. म्हणून हा हिशेब आपण शांतपणे मांडून पाहू.

समजा, भाडे महिना १२ हजार रुपये आहे. वर्षाचे १ लाख ४४ हजार, असे आपण पटकन म्हणतो. पण भाडेकरू बदलताना घर एक महिना रिकामे राहिले, की हातात १ लाख ३२ हजार येतात. सोसायटीचे महिना दीड हजार धरले तर १८ हजार गेले. घरपट्टी, रंग, गळती, नळ यांचे २४ हजार धरू. उरले ९० हजार. त्यातले निम्मे घरखर्चाला गेले, तर दहा वर्षांत साडेचार लाख शिल्लक पडतात. एवढ्यात दुसरी सदनिका येत नाही. व्याजाचे कर्ज आपल्याला नको असते. मग भांडवल वाढणार कुठून? जे वाया जाते, ते वाचवण्यातून.

भाडेकरू गेला की ठेकेदार सगळे तोडून नवे बसवायला सांगतो. तोडण्याआधी घरभर एक फेरी मारावी. जुने सागवानी दार रंधा मारून पॉलिश केले, तर आणखी कित्येक वर्षे टिकते. गळका पितळी नळ बहुतेक वेळा वॉशर बदलला की चालतो. काढलेले पितळ, तांब्याची वायर आणि लोखंडी ग्रिल वेगवेगळे तोलून भंगारवाल्याला द्यावे; सरसकट ढीग दिला तर पितळही लोखंडाच्या भावाने जाते. फुटक्या लाद्यांचे तुकडे गच्चीवर चायना मोझॅकला लागतात, विटांचे तुकडे बाथरूमच्या भरणीला.

यात कराचाही मुद्दा आहे. घरभाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर प्राप्तिकरात सरसकट ३० टक्के सूट मिळते. दुरुस्तीचा खर्च कमी झाला, म्हणून ती सूट कमी होत नाही. म्हणजे दुरुस्तीत वाचलेला रुपया खरोखर आपलाच.

उरलेला राडारोडा मात्र रात्रीच्या अंधारात गाढी नदीच्या काठी किंवा खाडीत ओतला जाऊ नये. टेम्पोवाल्याला पैसे दिले, की आपली जबाबदारी संपत नाही. जुलै २००५ च्या पुराने पनवेलची काय अवस्था केली, ते आम्ही विसरलेलो नाही. नदीचे पात्र आपणच भरले, तर पाणी आपल्याच घरात येईल.

आता साठलेल्या पैशाविषयी. पहिली गोष्ट, भाडेकरूचे डिपॉझिट ही अमानत आहे. ते वेगळे ठेवावे, भांडवल समजून वापरू नये. भाड्याऐवजी ‘हेवी डिपॉझिट’ घेण्याची रीत अनेक उलमांच्या मते कर्जावर लाभ घेण्यासारखी आहे. ती टाळलेली बरी. दुसरी गोष्ट, भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते.

पहिली बचत त्याच घरात परत घालावी. वायरिंग आणि गळती नीट केलेले घर रिकामे कमी राहते. त्यानंतर भावंडांनी मिळून एखादा छोटा गाळा घ्यावा. बहिणीसकट प्रत्येकाचा हिस्सा कागदावर लिहावा. प्रकल्प नवा असेल तर महारेराची नोंदणी आणि नैना क्षेत्रात सिडकोची परवानगी पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

राहता राहिली जकात. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर ती नाही. पण साठलेले भाडे इतर मालासह निसाबाएवढे झाले आणि वर्ष उलटले, की अडीच टक्के द्यायचे आहेत. हिशेबाच्या वहीत हा रकाना सर्वांत आधी आखावा. घरे दोन होवोत वा एकच राहो, कमाई स्वच्छ असली की बरकत तिथेच असते.